आवाजाची गरज: नाही

मास्तरांनी सूड घ्यायचं नक्की केलं तेव्हा ते हॉस्पिटलच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले होते आणि आजूबाजूची दोनशे माणसं हसत होती. हसण्याचं कारण समोरच्या भिंतीवर होतं. मास्तरांनी सत्तावीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या प्रोग्रामचा फोटो तिथे दहा फूट उंच करून दाखवला होता. काळंकुट्ट मैदान, त्यावर हिरवे आकडे आणि तळाशी कळांची यादी.

"कोणी ओळखेल का हे?" माइक धरलेला तरुण विचारत होता. "घाबरू नका, यातून विमान उडवायचं नाहीये. रक्तातल्या पेशी मोजायच्यात फक्त."

लोक पुन्हा हसले. मग तो म्हणाला, की ज्या कोणी हे बनवलं त्याचं वापरणाऱ्यांशी काहीतरी जुनं वैर असणार. यावर पहिल्या रांगेतल्या संचालकबाईही हसल्या. मास्तरांच्या शेजारच्या भांडारप्रमुखांनी त्यांच्या मांडीवर हलकेच थाप मारली, मनावर घेऊ नका अशी. हसण्यापेक्षा ती थाप जास्त लागली. मास्तर स्वतःही हसले. भिडस्त माणसाला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही.

मास्तरांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. नोटीसबोर्डावरच्या कागदांतल्या शुद्धलेखनाच्या चुका ते येता-जाता गुपचूप दुरुस्त करायचे, म्हणून कोणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात त्यांची बत्तीस वर्षं झाली होती. माइकवाला तरुण त्यांच्याच हाताखाली दोन वर्षं काम शिकून गेलेला. आता त्याची स्वतःची कंपनी होती, आणि हॉस्पिटलचे सगळे जुने प्रोग्राम काढून तिथे नवे, वापरायला सोपे प्रोग्राम बसवायचं काम तिला मिळालं होतं. मास्तरांनी मनातल्या मनात त्याचं नाव गुळगुळीत ठेवलं होतं. चेहरा गुळगुळीत, बोलणं गुळगुळीत, आणि त्याच्या प्रोग्राममधल्या एकाही चौकोनाला कोपरा म्हणून नसायचा.

खरं सांगायचं तर तो जुना पडदा कुरूपच होता. मास्तरांनाही ते मान्य होतं. पण तो कोणी बघत बसावा म्हणून केलेलाच नव्हता. ही गोष्ट सभागृहात कोणाला ठाऊक नव्हती, आणि ज्यांना ठाऊक होती त्या ताई त्या वेळी दोन मजले खाली प्रयोगशाळेत मान खाली घालून काम करत होत्या.

रक्ततपासणीचं बरंचसं काम आता यंत्रंच करतात. पण एखाद्या रक्तात यंत्राला काही वावगं दिसलं, की त्याचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, माणसाला मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो. पांढऱ्या पेशी पाच जातींच्या. एकामागून एक शंभर पेशी बघायच्या आणि कुठल्या जातीच्या किती ते सांगायचं. प्रोग्राम लिहिण्याआधी मास्तर तीन आठवडे ताईंच्या बाजूला स्टूल टाकून बसले होते. तेव्हा दोघंही तरुण, दोघंही अबोल. तीन आठवड्यांत त्यांच्यात तीसएक वाक्यं झाली असतील. पण मास्तरांनी एक बघून ठेवलं. ताईंचे डोळे मायक्रोस्कोपमधून निघतच नाहीत. डाव्या हाताने त्या काच सरकवतात, उजवा तेवढा मोकळा असतो, आणि कान दोन्ही मोकळे. म्हणून मास्तरांनी पाच जातींना पाच कळा दिल्या आणि प्रत्येक कळेला निराळा आवाज. शंभर झाले की घंटी. बोट चुकलं तर ते कानाला आधी कळायचं, मग ताई मागे जायची कळ दाबून तेवढी एक पेशी पुसून टाकायच्या. पडद्याकडे बघायचं ते शेवटी, आकडे उतरवून घेण्यापुरतं.

ताईंची मोजणी हा त्या हॉस्पिटलात एक शब्द होऊन बसला होता. रक्तविकार विभागाचे मोठे डॉक्टर म्हणजे महासंशयी माणूस. स्वतःच्या घड्याळावरही त्यांचा भरवसा नसे. पण खाली ताईंची सही असली की ते प्रश्न विचारत नसत. कोणाचं औषध वाढवायचं, कोणाचं थांबवायचं, हे त्या आकड्यांवर ठरायचं. ताईंनी कधी बढतीसाठी खेटे घातले नाहीत की कौतुकाच्या समारंभात पुढे जाऊन बसल्या नाहीत. आपण मोजलेली काच परत येत नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी तीस वर्षं जपली होती.

सभागृहातून मास्तर आपल्या टेबलाशी आले आणि कॉम्प्युटर चालू न करताच बसून राहिले. नव्या प्रोग्रामांबद्दल त्यांची मतं काही आजची नव्हती. करड्या कागदावर करडी अक्षरं कशासाठी, हे त्यांना कधी समजलं नाही. कामाची नेमकी गोष्ट तीन आडव्या रेघांच्या मागे दडवायची आणि त्याला सुटसुटीतपणा म्हणायचं, हेही नाही. काही बिघडलं तर काय बिघडलं ते सांगायचं सोडून, डोक्याला हात लावलेलं एक कार्टून 'अरेरे' म्हणतं. शेजारणीने आपण नसताना घरात शिरून स्वयंपाकघरातले डबे इकडचे तिकडे करावेत, तसे हे प्रोग्राम आपणहून बदलतात, आणि वर 'तुमच्यासाठी काहीतरी नवीन' म्हणून कळवतात. पहिल्या दिवशी सोपं वाटणं निराळं आणि हजाराव्या दिवशी सोपं वाटणं निराळं. पहिल्या दिवशीच्या माणसाला सगळे बोलावून विचारतात. हजाराव्या दिवशीच्या माणसाला कोणी विचारत नाही, कारण तो कामात असतो.

हे सगळं ते घरी बायकोला ऐकवत असत. मधूनच त्यांना शंका यायची, की आपलं वय झालं म्हणून तर असं वाटत नाही ना? त्या संध्याकाळीही त्यांनी ते विचारलं.

"छे हो," बायको म्हणाली. "तुम्ही तिशीत होतात तेव्हाही असंच बोलायचात."

सभागृहात काय झालं ते मात्र त्यांनी तिला सांगितलं नाही.

सूड घ्यायचा तर ठरलं, पण कसा, हे मास्तरांना सुचलं नसतं. कोणाला टाकून बोलायचं म्हटलं तरी त्यांना आदल्या दिवशी तयारी करावी लागे. पण दहा दिवसांनी गुळगुळीत आपल्या पायांनी चालत त्यांच्या टेबलाशी आला. नव्या पेशीमोजणीला जुन्या माणसाची मान्यता घ्यायची, असं संचालकबाईंनी ठरवलं होतं, आणि तो जुना माणूस म्हणजे मास्तरच.

गुळगुळीतने एक काचेची पाटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यावर पाच मोठी, रंगीत, गोल वर्तुळं. वर्तुळावर बोट टेकलं की ते फुलासारखं उमलायचं आणि आतला आकडा एकाने वाढायचा. त्याने सांगितलं, की पंचवीस जणांकडून हे वापरून घेतलंय आणि सगळ्यांना आवडलंय. मास्तरांनी विचारलं, वापरून कसं घेतलं? तर पेशींचे फोटो त्याच पडद्यावर वरच्या अर्ध्या भागात दाखवले होते, आणि लोकांनी फोटो बघून खाली बोटं टेकवली होती.

मास्तरांना एका क्षणात सगळं दिसलं. या पंचविसांतल्या एकाचेही डोळे मायक्रोस्कोपमध्ये नव्हते. काच सपाट, बोटाला वर्तुळ कुठे सुरू होतं, कुठे संपतं ते कळणार नाही. म्हणजे दर पेशीला मान वर करावी लागणार. मान वर केली की खालची जागा हरवणार, आणि मोजलेली पेशी पुन्हा मोजली जाणार, नाहीतर राहूनच जाणार. हे सगळं त्यांच्या जिभेवर आलंही होतं.

"मास्तर, एकच विचारायचंय," गुळगुळीत म्हणाला. "ते टूंटूं वाजणं ठेवायचंय का? आमच्या मुलांना वाटतं की आता ते जरा पोरकट दिसतं."

दिसतं, म्हणाला तो. आवाज दिसतो.

"काढून टाक," मास्तर म्हणाले. "सगळे कंटाळलेत त्याला."

गुळगुळीतला इतकं बरं वाटलं, की त्याने लगेच फॉर्म पुढे केला. त्यावर एका ओळीत छापलेलं होतं, आवाजाची गरज, आणि पुढे दोन चौकोन. मास्तरांनी 'नाही' वर खूण केली आणि खाली सुवाच्य सही केली. 

त्यानंतरचे पंधरा दिवस मास्तरांचे फार सुखात गेले, हे कबूल करायला हवं. डोक्यात एकच चित्र होतं: तेच सभागृह, तीच भिंत, आणि त्या भिंतीसमोर गुळगुळीतचा उतरलेला चेहरा. उद्घाटनाला नुसती भाषणं कशाला, प्रत्यक्ष करून दाखवा, असं त्यांनीच संचालकबाईंना सुचवलं. मायक्रोस्कोपमधलं चित्र भिंतीच्या एका बाजूला, मोजणी दुसऱ्या बाजूला, आणि मोजणार खुद्द ताई. शंभर पेशी, सगळ्यांच्या देखत. ताईंचा हात म्हटल्यावर लोक आपोआप मान्य करतील, असं ते म्हणाले. संचालकबाईंना कल्पना फार आवडली. गुळगुळीतने तर मास्तरांचा हात हातात घेऊन हलवला.

अडचण होती ती ताईंची. बहिणीच्या आजारपणामुळे त्या वीसेक दिवस रजेवर होत्या आणि उद्घाटनाच्या दोनच दिवस आधी कामावर आल्या. आल्या आल्या त्या मास्तरांकडे गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. इतक्या लोकांपुढे बसायचं, तर आधी एकदा बसून बघावं.

मास्तरांनी मनात हिशेब केला. ताई एकदा जरी त्या पाटीपुढे बसल्या, तरी दहाव्या पेशीला त्यांना सगळं कळेल. मग त्या सरळ जाऊन गुळगुळीतला सांगतील, तो दोन दिवसांत सुधारणा करेल, आणि वर सभागृहात वापरणाऱ्यांचं ऐकतो म्हणून टाळ्या घेईल.

"तुम्हाला काय बसून बघायचंय ताई," ते म्हणाले. "सगळं तसंच आहे. फक्त रंगीत केलंय."

"आवाज आहे ना?"

"असणार की."

ताईंनी मान डोलावली आणि त्या गेल्या. सत्तावीस वर्षांत मास्तरांनी सांगितलेलं एकदाही खोटं निघालं नव्हतं; दुसऱ्यांदा विचारायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

उद्घाटनाला सभागृह भरलं होतं. मास्तर पुन्हा तिसऱ्या रांगेत, पण या वेळी पाठ टेकून. ताई टेबलाशी बसल्या, त्यांनी डोळे मायक्रोस्कोपला लावले, डावा हात काच सरकवायच्या चक्रीवर आणि उजवा पाटीवर ठेवला. भिंतीवर जांभळ्या पेशी आल्या. ताईंनी पहिलं बोट टेकवलं आणि त्या थांबल्या. पुन्हा टेकवलं. मान वर करून पाटीकडे बघितलं, तिथे एकाच पेशीचे दोन झाले होते. त्यांनी गुळगुळीतला हळूच काही विचारलं. त्याने वाकून एक पुसून दिला.

पुढचं बघवत नव्हतं. ताई खाली बघत, वर बघत, खाली बघून जागा शोधत, आणि भिंतीवरच्या पेशी पुढे-मागे सरकत राहत. चाळिसाच्या आसपास त्यांचं बोट दोन वर्तुळांच्या मधे पडू लागलं आणि काही मोजलंच जाईना. त्यांनी सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली. मास्तर कान देऊन ऐकत होते. आता कोणीतरी म्हणेल, अरे हा प्रोग्राम आहे की तमाशा. आता हसतील.

लोक हसलेही. पण मागे कोणीतरी म्हणालं, ताईंना मोबाइल तरी वापरता येतो का रे? दुसरं कोणी म्हणालं, वय झालं की हात चालत नाही, माझ्या आईचंही असंच आहे. भांडारप्रमुख चुकचुकले. गुळगुळीत माइक घेऊन पुढे आला, आणि तो घाबरलेला नव्हताच. त्याने ताईंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आपल्या आवाजात साखर घोळली आणि सांगितलं, की नवीन गोष्टीला वेळ हा लागतोच. ज्येष्ठ मंडळींसाठी आपण वेगळा प्रशिक्षण वर्ग ठेवलाच आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईही उठताना कसनुसं हसल्या.

ते हसू मास्तरांच्या ओळखीचं होतं. ते खुर्चीला पाठ टेकूनच बसून राहिले. उभं राहून चार शब्द बोलावेत असं त्यांना वाटलं. पण नुसतं वाटून काय होतं? इतक्या लोकांत बोलायची त्यांना सवय नव्हती. प्रोग्राममध्ये काही चुकलं की वापरणाऱ्यालाच दोष देतात, हे ते वर्षानुवर्षं बायकोला सांगत आले होते. सांगणाऱ्याच्या डोक्यातून नेमकी तीच गोष्ट कशी निसटली, याचं उत्तर त्यांना सापडलं नाही. खरं उत्तर सोपं होतं: त्यांना ताई दिसतच नव्हत्या, गुळगुळीत दिसत होता.

चार दिवसांनी प्रयोगशाळेत एक काच परत आली. मोठ्या डॉक्टरांनी पाठवली होती, सोबत चिठ्ठी: कृपया दुसऱ्या कोणाकडून फेरमोजणी. काच ताईंनी मोजलेली होती, तीही जुन्याच प्रोग्रामवर, कारण प्रयोगशाळेत नवा अजून बसायचा होता. पण डॉक्टर त्या दिवशी सभागृहात होते.

चिठ्ठी ताईंच्या हाताखालच्या तंत्रज्ञ मुलीने वाचली आणि त्यांच्यापुढे ठेवली. ताईंनी ती दोनदा वाचली. मग उठून त्या सरळ गुळगुळीतच्या माणसांना दिलेल्या खोलीत गेल्या आणि विचारलं, आवाज का काढला? गुळगुळीत अदबीने उभा राहिला. मास्तरांनीच नको म्हणून सांगितलं, असं तो म्हणाला, आणि त्याने फॉर्म काढून दाखवला. या प्रकरणात तो एक अक्षरही खोटं बोलला नाही, ही गोष्ट मास्तरांना पुढे फार सलत राहिली.

दुपारी मास्तरांच्या टेबलावर त्या फॉर्मची प्रत येऊन पडली. ताई बसल्या नाहीत.

"ही सही तुमची?"

"माझी."

"तुम्हाला माहीत होतं."

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. मग सभागृहात त्यांचा पडदा दाखवून लोक कसे हसले, ते त्यांनी सांगायला घेतलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या कोणी मधेच तोडलं असतं. त्यांनी तोडलं नाही, त्यामुळे मास्तरांना आपलं बोलणं शेवटपर्यंत स्वतःच ऐकावं लागलं, आणि शेवटाकडे ते फार छोटं वाटायला लागलं.

"मला त्याला तोंडावर पाडायचं होतं," ते म्हणाले.

"मग त्याला बसवायचं होतं तिथे. मला का बसवलंत?"

मास्तरांनी फॉर्मची प्रत उलटी करून ठेवली.

"चार दिवस मी घरी उजव्या हाताची बोटं हलवून बघतेय," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं हात गेला माझा. धाकट्या जावेला म्हटलंसुद्धा, की आता सोडावं काम. आणि तुम्ही इथे रोज समोरून जात होतात, 'काय ताई' म्हणत."

त्यानंतर त्यांनी काय हवं ते सांगितलं. उद्या सकाळी साडेआठला डॉक्टरांची रोजची बैठक असते. मास्तरांनी तिथे येऊन, जे झालं ते सगळ्यांपुढे वाचून दाखवायचं. लिहून आणायचं, कारण तोंडाने बोलायला गेले तर ते गुळमुळीत बोलतील.

मास्तरांनी लिहायला घेतलं तेव्हा, इतक्या दिवसांत आली नव्हती ती धार हाताला आली. दीड पान झालं. ते घेऊन ते प्रयोगशाळेत गेले. ताईंनी वाचलं आणि टेबलावरचं पेन उचललं. फोटोवर मोजणी करून घेणाऱ्या अडाण्यांविषयीचा परिच्छेद त्यांनी सरळ खोडला. हाताखाली शिकून डोक्यावर बसणाऱ्यांविषयीचाही. 'फॅशन' हा शब्द पाचदा आला होता, पाचही गेले. मास्तर उभ्या उभ्या बघत होते आणि प्रत्येक रेघ त्यांना जिव्हारी लागत होती, कारण त्यातली दोन वाक्यं खरंच चांगली उतरली होती.

"ताई, हे तर खरं आहे हो," ते न राहवून म्हणाले.

"असेल. पण हे त्याच्याबद्दल आहे. उद्या फक्त तुमच्याबद्दल वाचायचं."

शेवटी चार वाक्यं उरली.

सकाळी बैठकीला बारा डॉक्टर होते, संचालकबाई होत्या, आणि नव्या प्रोग्रामचं काम सुरू असल्यामुळे गुळगुळीतही होता. मास्तरांनी कागद दोन्ही हातांत धरून वाचलं: की मायक्रोस्कोपवर मोजणाऱ्याला आवाजाची गरज असते हे मला ठाऊक होतं. की तरीही मी मुद्दाम 'नाही' वर खूण केली. की ताईंनी सराव करायचं म्हटलं तेव्हा मी त्यांना खोटं सांगून थांबवलं. की त्या दिवशी जे चुकलं त्यात त्यांच्या हाताचा काही दोष नव्हता.

वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली. मग मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला आणि मास्तरांकडे न बघता ताईंना विचारलं, काल परत पाठवलेली काच कशावर मोजली होती? जुन्यावर, ताई म्हणाल्या. फेरमोजणी दुसऱ्या मुलीने केली आहे, आकडे तेच आलेत. डॉक्टरांनी आपली चिठ्ठी मागून घेतली, तिच्या चार चिंध्या केल्या आणि त्या खिशात टाकल्या. यापुढे ताईंची काच परत जाणार नाही, एवढंच ते म्हणाले. संचालकबाईंनी नव्या प्रोग्रामांना यापुढे मास्तरांची मान्यता घ्यायची नाही, अशी नोंद करायला सांगितली.

हे सगळं मास्तरांनी सोसलं असतं. पण बैठक संपल्यावर गुळगुळीत त्यांच्यापाशी आला. चेहऱ्यावर राग नव्हता, उपहासही नव्हता. डोळे चक्क ओलावलेले होते.

"मास्तर, हे सांगायला मोठेपणा लागतो," तो म्हणाला. "आणि चूक माझीही आहे. मी तिथे जाऊन बसायला हवं होतं. आता आवाज आम्ही घालूच. ऐकू येणारा अनुभव, सध्या सगळीकडे तेच चाललंय."

मास्तरांना वाटलं, की याने आपल्याला एक थोबाडीत मारली असती तर किती बरं झालं असतं. इतका डूख धरून, इतकं सगळं करून, हा माणूस त्यांच्यासमोर होता त्याहून मोठा होऊन उभा होता. ते म्हणाले, की आवाज कसे ठेवायचे ते मी ताईंच्या शेजारी बसून दाखवतो.

ताई काचांचा ट्रे घेऊन दाराशी थांबल्या होत्या. "त्याला पाठवा माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "तुम्ही येऊ नका."

मास्तर गेले नाहीत. गुळगुळीत स्वतः आठ दिवस ताईंच्या शेजारी बसला, आणि त्यानंतर त्याच्या कंपनीतली एक मुलगी बसली. काचेची पाटी गेली. तिच्या जागी पाच उंचसखल कळांची एक छोटी फळी आली, जी मास्तरांच्या कीबोर्डपेक्षाही बोटाला बरी लागायची, असं खालची तंत्रज्ञ मुलगी त्यांना सांगत होती. ताईंची मोजणी पहिल्यापेक्षा अर्ध्या मिनिटाने लवकर होऊ लागली. जुना प्रोग्राम एका शुक्रवारी बंद झाला. तो बंद करायची आज्ञा मास्तरांनीच आपल्या कॉम्प्युटरवरून दिली. ते काम त्यांच्याकडेच होतं.

नवा प्रोग्राम मात्र त्यांना उघडून बघता येत होता. पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो उघडला आणि दार लावून घेतलं. चूक शोधायची तर कशी शोधायची, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पाऊण तासात एक सापडली. दोन कळा अगदी लागोपाठ, डोळ्याचं पातं लवायच्या आत दाबल्या, तर पेशी दोन्ही मोजल्या जात, पण आवाज एकच वाजे. नवशिक्याच्या हातून असं कधी होणार नाही. ज्याचा हात फार चालतो त्याच्याच हातून होईल, हजारात एखाद्या वेळी. ऐकून मोजणाऱ्याला वाटेल आपण एकदाच दाबलं, आणि तो पुन्हा दाबेल.

मास्तर खुर्चीत मागे टेकले. फार दिवसांनी त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं. ही गोष्ट जगात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. यात त्यांची कुठे सही नव्हती, कुठे खूण नव्हती. काही करायचंच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. वर्षभरात कधीतरी एखादी काच चुकेल, चौकशी होईल, आणि तेव्हा गुळगुळीतला ऐकू येणारा अनुभव सगळ्यांदेखत निस्तरावा लागेल. पण काचेवर सही ताईंचीच असेल. हे मनात यायला त्यांना वेळ लागला. नाही म्हणायला, पहिल्या खेपेपेक्षा कमी लागला.

त्यांनी गुळगुळीतला पत्र लिहिलं. चूक कशी होते, कुठे होते, कशी काढायची, सगळं क्रमाने. शेवटी एक वाक्य आपसूक आलं, की दोन वर्षं शिकवलं त्यात एवढं तरी लक्षात राहायला हवं होतं. ते त्यांनी तीनदा वाचलं. वाक्य चांगलं होतं. त्यांनी ते काढून टाकलं आणि पत्र पाठवलं.

दोन मिनिटांत उत्तर आलं: वर केलेला एक अंगठा, आणि खाली, 'मास्तर, तुम्ही नसतात तर!' गुरुवारपर्यंत चूक दुरुस्त झाली. कंपनीच्या सुधारणांच्या यादीत ती सातव्या क्रमांकावर होती, आमच्या दक्ष चमूने शोधलेली म्हणून.

ताईंना यातलं काही कळलं नाही. जाता-येता त्यांना सांगावं असं मास्तरांच्या मनात त्या आठवड्यात तीनदा आलं. एकदा तर ते प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेलेही. आतून कळांचे आवाज येत होते, न अडखळता, एकामागून एक. ते थोडा वेळ उभे राहिले, मग कोणी बघायच्या आत जिन्याकडे वळले.